जुन्या जॅग्वारला एसी: ‘मूळ’ म्हणजे नेमकं काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, “सर, तुम्ही इतकी वर्षं सौंदर्यशास्त्र शिकवलंत, पण उदाहरणं कायम देवळांची आणि चित्रांचीच देता. रोज वापरायच्या वस्तूची समीक्षा होत नाही का?” होते की. म्हणून आज एका मोटारगाडीवर बोलणार आहे. खरं म्हणजे त्या गाडीत नंतर बसवलेल्या एसीवर. (हशा) हसा, पण तासाभराने हसू नका. या विषयात मी स्वतः एक चूक केलेली आहे, आणि ती शिकवण्यातली चूक नव्हती. तिच्यामुळे एका घरातली चांगली वस्तू बरीच वर्षं सडत पडली.

गाडी म्हणजे जॅग्वार ई-टाइप. ही गाडी मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिचा आकार आखला माल्कम सेयर यांनी. ते आधी ब्रिस्टलच्या विमान कंपनीत होते. वारा अंगावरून कसा वाहील याचं गणित मांडून ते गाडीच्या रेषा काढत. लांबच लांब बॉनेट, पुढे अंडाकृती लहानसं तोंड, त्यात एक आडवी पट्टी, काचेआड झाकलेले दिवे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ सालची एक ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. म्हणजे ही गाडी कलावस्तू आहे की नाही, हा वाद एका मोठ्या संस्थेने आपल्यापुरता मिटवला. आता गंमत बघा. त्या म्यूझियमला एसी आहे. तेव्हा त्या गाडीला एसी मिळालाच. (हशा) प्रश्न उरतो तो रस्त्यावर चालणाऱ्या बाकीच्या गाड्यांचा.

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. केमिकल इंजिनिअर. सत्तरच्या दशकात टेक्सासमध्ये ह्यूस्टनला गेला आणि तिथलाच झाला. निवृत्तीनंतर त्याने तरुणपणापासूनची एक हौस पुरी केली. १९६६ सालची, ४.२ लिटर इंजिनाची, बंद टपाची ई-टाइप घेतली. ह्यूस्टनचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुंबईचा मे महिना घ्या आणि तो सप्टेंबरपर्यंत ताणा. हवेत तसंच पाणी.

पहिल्याच जुलैत वहिनी त्याच्याबरोबर बाहेर गेल्या. सिग्नलला सिग्नल लागत गेले. घरी आल्या तेव्हा त्यांना चक्कर आली होती. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमची गाडी तुम्ही चालवा, मी काही आता बसणार नाही.” अण्णाने मला ईमेल केलं: एसी बसवून घेऊ का? आणि मी त्याला चार पानी उत्तर लिहिलं. कलाकृतीची अखंडता, रचनाकाराचा हेतू, काळाची साक्ष, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं, की मूळ गाडीत जे नव्हतं ते घालणं म्हणजे खोटेपणा. अण्णा मला मान देतो. त्याने ऐकलं.

बरेच उन्हाळे गेले. नंतर माझ्या मुलीकडे गेलो होतो तेव्हा ह्यूस्टनला त्याच्या घरी उतरलो. गॅरेजमध्ये गाडीवर चादर होती. बॅटरी उतरलेली, तिन्ही कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून चिकट थर बसलेला, ब्रेक गंजून धरलेले, दाराची रबरं कडक. आधी वर्षातून सात-आठ महिने गाडी हलत नसे, मग हलवायचं अवघड झालं, मग सोडूनच दिलं. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “बघा भाऊजी, तुमची गाडी किती शुद्ध ठेवलीय.”

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान म्हणजे तेव्हा न सुचलेलं उत्तर समजा.

आता तत्त्वज्ञानाचा माणूस बोलायला उभा राहिला की तुम्ही थीसियसच्या जहाजाची वाट बघता. प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट: फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का? आपल्याकडे मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला रथाबद्दल विचारतो, की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? दोन्ही उदाहरणं वाहनांचीच आहेत, त्यामुळे मोह होतो. पण मला वाटतं ती इथे फारशी उपयोगाची नाहीत. जहाजाची फळी बदलली तर फळीच्या जागी फळी येते. एसी कशाच्या जागी येत नाही. तो भर आहे. आणि भर घालणं योग्य की अयोग्य, याचा विचार पुरातन इमारती सांभाळणाऱ्या लोकांनी आपल्या आधी पुष्कळ केलेला आहे.

त्यातल्या दोघांची नावं घेतो. पहिले ऑस्ट्रियाचे आलोइस रीगल. १९०३ मध्ये त्यांनी स्मारकांवर एक निबंध लिहिला आणि जुन्या वस्तूला आपण जे ‘मोल’ देतो ते एक नसून अनेक आहेत, हे वेगळं करून दाखवलं. वस्तू म्हातारी दिसते, याचं एक मूल्य. ती एका विशिष्ट काळाची साक्ष देते, याचं दुसरं. आणि ती अजून वापरात आहे, याचं तिसरं. रीगल यांचं म्हणणं असं, की ही मूल्यं एकमेकांशी भांडतात. जुनेपणाला हात लावू नये असं वाटतं, पण ज्या इमारतीत माणसं राहतात तिचं छप्पर गळून चालत नाही. माझ्या त्या चार पानी ईमेलमध्ये वापरमूल्य हा शब्द एकदाही नव्हता. म्यूझियममधल्या गाडीचे नियम मी अण्णाच्या गाडीला लावले होते.

दुसरे इटलीचे चेझारे ब्रांडी. जीर्णोद्धाराच्या सिद्धांतावरचं त्यांचं पुस्तक १९६३ चं. म्हणजे ई-टाइप बाजारात होती तेव्हाचंच. त्यातल्या दोन गोष्टी आज लागतील. एक, नंतर घातलेला भाग लांबून खुपू नये, पण जवळून पाहणाऱ्याला ओळखू यावा. दोन, आज आपण जे करतो त्याने उद्याच्या माणसाचा हात बांधला जाऊ नये. नंतर फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने इमारतींच्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर गाड्यांसाठी ट्यूरिनची सनद केली. तीतही गाडी जपणं आणि ती रस्त्यावर चालत राहणं या दोन्ही गोष्टी सोबत येतात.

आता गाडीकडे येऊ. तत्त्व कागदावर सोपं असतं, ते पत्र्यावर उतरवताना खरी परीक्षा होते.

एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. उचलायचं काम डॅशखालची कूलिंग कॉइल करते, टाकायचं काम पुढे रेडिएटरसमोर बसणारा कंडेन्सर करतो. मधला कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. आता ई-टाइपचं तोंड आठवा. लहानसं. त्याच तोंडातून येणाऱ्या हवेवर रेडिएटर कसाबसा भागवतो. त्याच्यासमोर कंडेन्सर लावला की तीच हवा आधी कंडेन्सरमधून तापून मग रेडिएटरकडे जाते. पळत्या गाडीत चालून जातं. सिग्नलला उभ्या गाडीत पुढून वारा नाही, मूळ पंखा एकच आणि लहान, इंजिनावर कॉम्प्रेसरचा जादा भार. तापमानाचा काटा चढायला लागतो. म्हणजे माणूस गार आणि गाडी गरम.

यावर जॅग्वारने स्वतः काय केलं ते बघा. १९६८ मध्ये गाडीची दुसरी मालिका आली आणि तिच्यात अमेरिकेसाठी कारखान्यातूनच एसी मिळू लागला. त्यासाठी, आणि एकूणच गाडी तापू नये म्हणून, पुढचं तोंड मोठं करण्यात आलं. एकाऐवजी दोन विजेचे पंखे आले. अमेरिकी नियमांमुळे दिव्यांवरची काचेची झाकणं आधीच गेली होती. परिणाम असा, की पहिल्या मालिकेतला तो निमुळता, ओठ मिटलेला चेहरा गेला. आज जाणकार सर्वात जास्त मान पहिल्या मालिकेला देतात, त्याचं एक मोठं कारण हा चेहरा आहे.

इथे ‘मूळ’ या शब्दाची गोची होते. कारखान्याने दिलेला एसी ‘मूळ’, पण त्याच्यापायी सेयरची रेषा बिघडली. आणि आज बाहेरून आणून बसवलेला एसी ‘मूळ’ नाही, पण तो रेषेला हात न लावता बसू शकतो. आजचे कंडेन्सर पातळ असतात आणि त्याच आकारात जास्त उष्णता टाकतात. ॲल्युमिनियमचे रेडिएटर आणि जोरकस पंखे जुन्याच जागेत मावतात. कॉम्प्रेसर पूर्वीच्या जड पिस्टनवाल्यांपेक्षा लहान आणि हलके झालेत. मग सेयरशी जास्त इमानी कोण? कारखान्याच्या शिक्क्याला मी ज्या सहजतेने प्रामाण्य देत होतो, ते माझं मलाच पटेनासं झालं.

दुसरा आक्षेप मी ईमेलमध्ये घेतला होता तो हवामानाचा. ही गाडी कॉव्हेंट्रीची, इंग्लंडच्या उन्हाळ्यासाठी केलेली; उकाडा लागणं हा तिच्या स्वभावाचा भाग आहे, वगैरे. हेही तपासून बघितलं तर टिकत नाही. ई-टाइपचं सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिका होतं. कॅलिफोर्निया आणि टेक्सासचं ऊन तिच्या नशिबात पहिल्यापासून होतं. आणि टेक्सासमध्ये तर १९५० च्या दशकातच डॅशखाली टांगायचे एसी बनवण्याचा धंदा डॅलस-फोर्टवर्थच्या आसपास उभा राहिला होता. बाहेरून एसी लावून घेणं ही तिथली त्या काळातलीच रीत. तिला इतिहासाशी प्रतारणा म्हणायचं तर इतिहास नीट वाचायला हवा.

याचा अर्थ कसाही एसी कुठेही बसवावा असा नाही. त्याच मुक्कामात अण्णा मला जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याला घेऊन गेला. तिथे एक लाल, उघड्या टपाची ई-टाइप होती. रंग आरशासारखा. मालकाने कौतुकाने आत बसवलं. डॅशला करवतीने गोल भोकं पाडून हवेच्या जाळ्या बसवल्या होत्या. जाळ्या आजच्या कुठल्याशा गाडीच्या, पण त्यांच्याभोवती जुन्या घाटाच्या चकत्या लावून त्या जॅग्वारनेच दिल्यासारख्या दाखवल्या होत्या. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात होजपाइपसाठी नवी भोकं. बटणांची मूळ रांग एसीच्या बटणासाठी सरकवलेली. एसी मात्र उत्तम चालत होता, हे मान्य करायला हवं.

समीक्षक म्हणून माझं मत सांगतो. या कामात दोन दोष आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. कापलेला पत्रा हा पहिला: तो परत येत नाही. उद्या कोणी मोठ्या कष्टाने डॅश पूर्ववत केला तरी ती नक्कल असेल. दुसरा दोष मला जास्त खटकतो. ते काम स्वतःला लपवत होतं. पाहणाऱ्याला वाटावं की ही गाडी अशीच होती. पुढच्या पिढीतला कोणी अभ्यासक ती बघून चुकीची नोंद करेल. माझ्या ईमेलमधला ‘खोटेपणा’ हा शब्द मी अण्णाच्या इच्छेला लावला होता. तो इथे लावायला हवा होता.

आणि उघड्या टपाच्या गाडीत एसी म्हणजे अंगणात पंखा लावण्यासारखं आहे. (हशा) टप लावून पावसातून जाताना त्याचा उपयोग होतो, हे कबूल.

आता अण्णाच्या गाडीत काय झालं ते सांगतो. मी हिवाळ्यापर्यंत तिथेच होतो, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलं. आधी गाडी चालती करण्यातच दोन महिने गेले. मग अण्णातला इंजिनिअर जागा झाला. तो म्हणाला, “अरे, उष्णता बाहेर टाकण्याआधी ती आत येतेय कुठून ते तर बघ.” ती येत होती इंजिनामागच्या पत्र्यातून, दोघांच्या मधल्या गिअरबॉक्सच्या बोगद्यातून, जमिनीखालच्या एक्झॉस्टमधून आणि मागच्या उतरत्या काचेतून. त्याने गालिचे उचलून खाली उष्णतारोधक थर घातला, दारांची आणि गिअरच्या दांड्याची रबरं बदलली. नुसत्या एवढ्याने पाय भाजायचे थांबले. माझा सल्ला विचाराल तर सुरुवात इथून करा. कित्येकांचं काम इथेच भागेल.

दुसरी पायरी रेडिएटर आणि दोन पंखे. तिसरी वीज. मूळ अल्टरनेटर चाळीस-पंचेचाळीस अँपिअरचा. त्यावर दोन पंखे, एसीचा ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि रात्रीचे दिवे एकदम पेलत नाहीत, विशेषतः इंजिन मंद चालत असताना. तो बदलावा लागला. ज्यांच्याकडे आधीची ३.८ लिटरची गाडी आहे त्यांना तर डायनॅमो असतो आणि वायरिंगही पॉझिटिव्ह अर्थचं, म्हणजे काम आणखी वाढतं. या तीन पायऱ्या झाल्यावरच एसी. बाजारात बरेच जण उलट क्रमाने जातात आणि मग ‘जुन्या गाड्यांना एसी सोसत नाही’ म्हणतात.

एसी बसवताना अण्णाने एक नियम केला: नवं भोक पाडायचं नाही. कंडेन्सर आणि कॉम्प्रेसर असलेल्याच बोल्टांवर कंस लावून बसले. पाइप आधीच असलेल्या मोकळ्या छिद्रांतून गेले. डॅशखाली मध्यभागी एक साधी काळी पेटी लटकते. ती जॅग्वारची आहे असा आव आणत नाही. दारातून वाकून पाहिलं की दिसते, बाहेरून दिसत नाही. ब्रांडी यांनी पाहिली असती तर त्यांना पटली असती, असं मला वाटतं. काढलेला प्रत्येक भाग, जुना पंखा, रेडिएटर, अल्टरनेटर, चिठ्ठ्या लावून एका खोक्यात ठेवला.

गॅसबद्दल एक शब्द. जुन्या काळी या यंत्रांत आर-१२ असे. तो ओझोनच्या थराला मारक ठरला आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांत १९९६ पासून त्याचं उत्पादन बंद झालं. मग आला आर-१३४ए. तो ओझोनला मारक नाही, पण हवेत सुटला तर वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. युरोपने २०१७ पासून नव्या मोटारींत तो थांबवला. जुन्या गाडीत साधे रबरी पाइप लावले तर गॅस झिरपत राहतो आणि लोक दर उन्हाळ्यात ‘थोडा गॅस भरून’ घेतात. गाडीतला एसी उद्या काढता येईल, पण सुटलेला गॅस परत पकडता येत नाही. उद्याच्या माणसाचे हात बांधू नयेत, हे तत्त्व गाडीच्या पत्र्याशी थांबत नाही. म्हणून आतून अस्तर असलेले, न झिरपणारे पाइपच वापरावेत, आणि गळती असेल तर आधी ती काढावी.

मग काहीच गमावलं नाही का? गमावलं. एसी लावला की काचा वर जातात. त्या सहा सिलिंडरांचा आवाज अर्धा होतो. गरम तेलाचा वास येईनासा होतो. आधी गाडी तापायला लागली की ते चालवणाऱ्याला पोटऱ्यांवर कळायचं. आता काट्याकडे बघावं लागतं. खेळाच्या गाडीत बसणं म्हणजे यंत्राशी बोलणं असेल, तर मधे एक पडदा आला. कोणी म्हणेल की या पडद्यासाठी इतका खटाटोप मला मंजूर नाही, तर त्याचं मत मी समजू शकतो. फक्त ते त्याच्या पसंतीचं मत आहे. त्याने ते सत्याच्या नावाने दुसऱ्यावर लादू नये. मी तेच केलं होतं. आणि एसीला बंद करायचं बटण असतं. नोव्हेंबरमध्ये अण्णा काचा खाली करूनच जातो.

पुढच्या जूनमध्ये ते दोघे त्या गाडीने गॅल्व्हेस्टनला, समुद्रावर गेले. तासाभराची वाट. थंडी काही फ्रीजसारखी नव्हती, ती मोठी उतरती काच आपलं काम करतच होती. वहिनींनी फोनवर सांगितलं, “भाऊजी, घाम आला, पण चक्कर नाही आली.” माझ्या वाचनात आलेल्या समीक्षेत इतका नेमका अभिप्राय क्वचितच असतो.

आता अण्णाला क्लच दाबवत नाही. गुडघे. गाडी विकायला काढलीय. एक तरुण बघून गेला. त्याला आवडली, पण म्हणाला, मला ती मूळ स्वरूपात हवी, एसी काढून द्या. अण्णाने त्याला खोकं दाखवलं. म्हणाला, सगळं यात आहे, एका शनिवार-रविवारचं काम आहे, एकही भोक बुजवावं लागणार नाही. पण आधी एक ऑगस्ट तिच्याबरोबर काढ. बरोबर कोणाला तरी बसव. मग तू ठरव.

त्या मुलाने अजून कळवलेलं नाही.

इथे थांबतो. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी प्रश्न जरूर विचारावेत, आणि जे अशा गाड्यांत शेजारच्या सीटवर बसतात त्यांनी आधी.